चूलबंद इजाजत

आमच्या लातूरच्या ऑफिसात प्रत्येक टेबलावर माउस होता, फक्त अण्णांच्या टेबलावर नव्हता. त्यांचा माउस ड्रॉवरमध्ये, बडीशेपेच्या डबीशेजारी, शेपूट गुंडाळून पडलेला असायचा. नव्या माणसानं चौकशी केली की अण्णा ड्रॉवर उघडून त्याचं दर्शन घडवायचे आणि पुन्हा ढकलून द्यायचे. "धान्याच्या घरात उंदीर मोकळा सोडत न्हाईत," एवढं बोलून ते की-बोर्डाकडं वळायचे.

अण्णा उदगीरचे. तिकडं मराठी बोलता बोलता माणूस कानडीत जाऊन परत येतो आणि त्याचं त्यालाही कळत नाही. अण्णांचा त्यातला लाडका शब्द म्हणजे 'साकु'. साकु म्हणजे पुरे. चहा अर्ध्या कपावर आला की साकु, पंखा दोनवर फिरायला लागला की साकु, आणि कुणी इजाजत मागायला आलं की त्याचं मागणं अर्धं सांगून व्हायच्या आत साकु. परवानगी हा शब्द त्यांना सरकारी वाटायचा, म्हणून ते इजाजत म्हणायचे. आम्हीही तेच म्हणायला लागलो.

चष्म्याच्या एका दुकानावर दोन खोल्या, एवढीच आमची कंपनी. लातूर आणि नांदेडच्या क्लासेसच्या सराव परीक्षा आम्ही संगणकावर घ्यायचो. पेपर, उत्तरं, निकाल, मुलांची नावं, सगळं क्लाऊडवर, म्हणजे दुसऱ्याच्या गोदामात भाड्यानं घेतलेल्या जागेत. त्या गोदामात कुणी शिरायचं, शिरल्यावर नुसतं बघायचं की हातही लावायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे अण्णा. आणि लातुरात परीक्षेच्या आधी पेपर बघायची हौस कुणाला नसते? क्लासवाल्यांना असते, त्यांच्या मेहुण्यांना असते, त्या मेहुण्यांच्या शेजाऱ्यांनाही असते.

हे काम करायला एक देखणं पान असतं. नावं दिसतात, चौकोन दिसतात, चौकोनात टिक केली की झालं. अण्णांना ते पान बघवत नसे. ते काळी खिडकी उघडायचे, जिच्यात पांढऱ्या अक्षरांशिवाय काही नसतं, आणि अख्खा हुकूम हातानं टाइप करायचे. टाइप झाल्यावरही लगेच बटण दाबायचे नाहीत. आधी तो हुकूम मोठ्यानं वाचायचे, आणि तोही मराठीत.

"मेंबर कोण? ही चाकूरची पोरगी. रोल कुठला? निस्ता बघायचा. कशात बघायचं? निकालाच्या फोल्डरात. कवापस्तोर? शनवारपस्तोर." मग चष्म्यावरून आपल्याकडं बघून म्हणायचे, "एंटर?"

आपण तोंडानं "एंटर" म्हणायचं. नुसती मान हलवलेली चालत नसे. "मान तर बैल बी हलवतंय," असं म्हणून ते थांबून राहायचे. आपण एंटर म्हटलं की मग एकच बोट, उजव्या हाताचं मधलं, बटणावर पडायचं.

चाकूरची पोरगी म्हणजे मी. कॉलेज संपवून शिकाऊ म्हणून लागले होते आणि मला पक्कं व्हायची घाई होती. घाईचं कारण घरी होतं. आमच्याकडं दर रविवारी कुणीतरी पाव्हणे पोहे खायला येत होते, आणि पोहे मी करायचे. बाबांनी शब्द दिला होता की पक्की नोकरी लागली तर पोह्यांचा कार्यक्रम बंद, तू म्हणशील तेव्हा, तू म्हणशील त्याच्याशी. बाबा शब्दाचे पक्के, पण आत्या त्यांच्यापेक्षा पक्की होती, त्यामुळे मला वेळ कमी होता.

मी मालकांकडं गेले. आमचे मालक म्हणजे पांढराशुभ्र शर्ट, दोन फोन आणि मोठं मन. पूर्वी भौतिकशास्त्र शिकवायचे, आता फक्त माणसं सांभाळायचे. ते म्हणाले, "ज्या दिवशी अण्णा तुला पुरी इजाजत देतील ना, त्या दिवशी तू पक्की. मला इचारू नको. मलाच ते देत न्हाईत."

हे खरं होतं. मालकांना स्वतःच्या कंपनीत फक्त निकाल बघता यायचे. एकदा ते वैतागून म्हणाले होते, "अण्णा, कंपनी माझी आन् मी निस्ता बघू?" अण्णा शांतपणे म्हणाले, "मालक, शेत तुमचं आसलं तरी कणगीची किल्ली घरात कुणाकडं आसती?" मालकांना उत्तर माहीत होतं, कारण त्यांची बायको त्या वेळी फोनवरच होती.

तर मी अण्णांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले. त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असायचे, त्याच क्रमानं, त्याच चालीत.

"काय पायजे?"

"पूर्ण इजाजत."

"कशाला पायजे?"

"पक्की व्हायला."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "तुला नोकरी पायजे. ती मालकाच्या खोलीत मिळती. खिडकी चुकलीस, बाळ."

आत जाऊन मालकांना सांगितलं तर ते दोन्ही फोन कानाला लावून हसले.

पुढच्या खेपेला मी तयारी करून गेले. कशाला पाहिजे म्हटल्यावर मी म्हणाले, "परीक्षा चालू असताना काही बिघडलं आणि तुम्ही उदगीरच्या गाडीत असलात, तर मुलांचा पेपर अडू नये म्हणून." अण्णा खूश दिसले. बडीशेपेची डबीसुद्धा पुढं केली. मग तिसरा प्रश्न आला, "कवापस्तोर पायजे?"

"कायमची," मी म्हणाले.

डबी मागं गेली. "कायमचं काय आसतंय गं? निजामाला बी वाटलं हुतं कायमचं." आणि ते काळ्या खिडकीकडं वळले.

मला इतका राग आला की त्या दिवशी बस सुटली तरी कळलं नाही. हा माणूस मला हातातली भाकरी दाखवून डबा बंद करतोय असं वाटलं. घरी जाऊन मी रडले. आई म्हणाली, सोड ती नोकरी. आत्या म्हणाली, रविवारी अहमदपूरचे येणार आहेत. बाबा दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून माझ्याबरोबर लातूरच्या गाडीत बसले.

माझे बाबा वीज मंडळात लाईनमन. अंगानं किरकोळ, पण रागावले की पोलवर चढल्यासारखे उंच होतात. ते भांडायलाच आले होते. "माझ्या पोरीत काय कमी हाय, ते सांगा," म्हणून त्यांनी अण्णांच्या पुढ्यात खुर्ची ओढली. मी मान खाली घालून शेजारच्या खोलीत गेले आणि कान भिंतीला लावला.

अण्णा म्हणाले, "तुमी खांबावर चढताना काय करता?"

"परमिट घेतो. सबस्टेशनवरून लाईन बंद करून घेतो, मग चढतो."

"काम झाल्यावर?"

"ज्यानं परमिट घेतलं त्यानंच परत करायचं. दुसऱ्यानं केलेलं चालत न्हाई. वर कुणी आसलं आन् खालच्यानं लाईन चालू केली तर जीव जातोय."

"तुमच्या सबस्टेशनवाल्यानं कुणाला कायमचं परमिट दिलं तर?"

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं आता हात उचलतात. पण डोकावून बघितलं तर बाबा अण्णांच्या बाजूला जाऊन बसले होते, आणि अण्णा त्यांना काळी खिडकी दाखवत होते. जेवायच्या सुट्टीपर्यंत दोघांचं परमिट चाललं होतं. जाताना बाबा मला जिन्यात म्हणाले, "मानूस बरोबर हाय. तूच नीट शीक." मी भांडायला वकील आणला होता आणि तो समोरच्या पार्टीला जाऊन मिळाला.

घरी मात्र त्यांनी माझी बाजू घेतली. अहमदपूरच्या पाव्हण्यांना फोन करून सांगितलं, पोरीचं परमिट अजून हातात आलं नाही, जरा थांबा. पाव्हण्यांना काय कळलं कोण जाणे, ते पुन्हा आले नाहीत.

आवतनाची गोष्ट मला अण्णांनीच शिकवली. एका क्लासच्या सगळ्या शिक्षकांना निकाल दाखवायचे होते आणि मी एकेकाचं नाव टाइप करत बसले होते. अण्णा मागं येऊन उभे राहिले. "तुमच्याकडं लग्नाचं आवतन कसं देतात?" मी म्हणाले, कुणाकडं घरटी एक माणूस, कुणाकडं सगळं घर, आणि अगदी जवळच्यांना चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही. म्हातारीपासून पाळण्यातल्यापर्यंत सगळ्यांनी यायचं, घरी अवचित पाव्हणा आला असेल तर त्यालाही घेऊन यायचं.

"हितं बी तसंच," अण्णा म्हणाले. "एकट्याला देता येतंय, गटाला देता येतंय, आन् चूलबंद बी देता येतंय. मेंबरच्या जागी एक शबूद टाकला की झालं. मग नाव लागत न्हाई, पासवर्ड लागत न्हाई. दुनियेत जेवढी माणसं हायत तेवढी तुमच्या मांडवात." तो शब्द ते कधी उच्चारायचे नाहीत. घरात सापाचं नाव घेत नाहीत तसं. चूलबंद म्हणायचे आणि पुढं जायचे.

मालकांनी तो शब्द वापरला, त्या दिवसाची आठवण आमच्याकडं अजून निघते.

नांदेडच्या एका मोठ्या क्लासचे सर आले होते. त्यांचं काम आमच्याकडं टिकलं तर कंपनी चालणार, नाहीतर चष्म्याच्या दुकानवाल्याला आमच्या खोल्या आवडत होत्याच. सरांपुढं मालकांना आपला रुबाब दाखवायचा होता. त्यांनी केबिनमधून हाक मारली, "अण्णा, मला पुरी इजाजत द्या, आत्ताच्या आत्ता!"

अण्णा दारात येऊन उभे राहिले. "काय पायजे?"

"म्हटलं ना, पुरी."

"कशाला पायजे?"

"पाव्हण्याला पेपर कसा आसतोय ते दाखवायला."

"कवापस्तोर?"

मालक नांदेडच्या सरांकडं बघून हसले. "कायमची! मालक हाय मी."

अण्णा टेबलावर गेले, टाइप केलं, मोठ्यानं वाचलं, पण केबिनपर्यंत ऐकू येणार नाही एवढ्याच मोठ्यानं. मी शेजारीच होते. दाखवायलाच पाहिजे म्हणून जुन्या पेपरांचा फोल्डर. त्या एका फोल्डरात पुरी इजाजत. मुदत दिवे लागेपर्यंत. "एंटर?" त्यांनी दाराकडं बघून विचारलं. "एंटर, एंटर!" मालक आतून ओरडले.

मग केबिनमध्ये माउसची टकटक सुरू झाली. नांदेडचे सर म्हणाले, आमच्या शिक्षकांनाही हे बघता आलं पाहिजे. मालकांचं मन मोठं. ते म्हणाले, सगळ्यांना देऊन टाकतो. आणि त्या देखण्या पानावर त्यांनी नेमका तो शब्द निवडला आणि लिंक सरांच्या फोनवर पाठवली. पडद्यावर इशारा आला होता म्हणे. मालकांनी तो लग्नातल्या पुढाऱ्याच्या भाषणासारखा सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. सकाळी मी ऑफिसात पोचले तर मालक अण्णांच्या खुर्चीत बसलेले, शर्टाचा शुभ्रपणा गेलेला. "अण्णा, पेपर फुटला! लातूर-नांदेडच्या पोरांच्या फोनवर फिरलालाय. मला आता नांदेडात कुणी उभं करत न्हाई." त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मला माझीच पडली होती. कंपनीच गेली तर पक्की कुठं होणार?

अण्णांनी पिशवी खुंटीला अडकवली. "हाव, फुटला. पर जुना फुटला."

"म्हंजे?"

"तुमी दाखवायला मागितला. दाखवायला जुना साकु. नवा पेपर जिथं हाय तिथं तुमची इजाजत पोचतच न्हाई. आन् सांजच्याला तुमची मुदत सपली, तवाच मी फेरी मारली. बगतो तर चूलबंद. लगीच काढलं, पर पोरांचे हात तुमच्यापेक्षा चपळ."

मालक उठले आणि खुर्ची अण्णांना दिली. परीक्षा झाली. मुलांनी जुन्या पेपरची उत्तरं क्रमानं पाठ केली होती आणि प्रश्न न वाचताच ब, ड, अ, क करत सुटली होती. पर्यवेक्षक चहा पिऊन येईपर्यंत निम्मी पोरं बाहेर. निकाल लागला तेव्हा एकाच वर्गातल्या मुलांच्या चुकाही अगदी सारख्या, एका साच्यातून काढलेल्या. नांदेडच्या सरांनी फोन केला, तेव्हा मालकांनी तो लांब धरून ऐकला. पण सर खूश होते. पाठ करणारी पोरं कोण आणि शिकणारी कोण, हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वच्छ दिसलं होतं. त्यांचं काम आमच्याकडंच राहिलं. त्यानंतर मालकांना काही बघायचं असलं की ते अण्णांच्या टेबलापुढं येऊन शहाण्या मुलासारखे सांगायचे, "निस्ती बघायची, जेवणापस्तोर."

अण्णांची आणखी एक रीत होती. कुणी नोकरी सोडून चाललं की ते त्याच्यासाठी पूर्ण कप चहा मागवायचे, वर्षातून असा पूर्ण कप फार थोड्यांच्या नशिबी यायचा. मग त्याची इजाजत काढायचा हुकूम टाइप करायचे, वाचून दाखवायचे, आणि की-बोर्ड त्याच्याकडं सरकवायचे. शेवटचं बटण त्यानं स्वतः दाबायचं. ज्यानं घेतली त्यानं परत करायची. मग त्याच्याच मशीनवर फोल्डर उघडून बघायला लावायचे. 'परवानगी नाही' अशी इंग्रजी ओळ पडद्यावर आली की अण्णांचा चेहरा खुलायचा. "कुलूप लावलं की वढून बघायचं," म्हणायचे. नोकरी सोडणारा माणूस त्या ओळीकडं बघून हसत हसत बाहेर पडायचा, हे मी कितीदा पाहिलंय.

गेल्या उन्हाळ्यात अण्णांची बायको निवृत्त झाली. त्या उदगीरला शाळेत मुख्याध्यापिका. अण्णांनी सबंध संसार आठवड्याच्या सुट्टीला केला होता. एका शनिवारी ते मालकांना म्हणाले, "आता दोघांनी एका ताटात नसंना, एका टायमाला तरी जेवावं म्हणतो." नंतर अण्णांनी मला बोलावलं. समोर दोन पूर्ण कप चहा होता.

"काय पायजे?"

"पूर्ण इजाजत."

"कशाला पायजे?"

"मुलांचा पेपर अडू नये म्हणून. आणि फुटू नये म्हणून."

"कवापस्तोर?"

दोन वर्षं मी या प्रश्नावर चिडत आले होते. त्या दिवशी उत्तर शोधावं लागलं नाही. मी म्हणाले, "माझ्यानंतरचं माणूस तयार होईपर्यंत."

अण्णांनी बडीशेपेची डबी पुढं केली आणि टाइप करायला लागले. मग मोठ्यानं वाचलं. "मेंबर कोण? ही चाकूरची पोरगी. रोल कुठला? पुरा. एंटर?"

"एंटर," मी म्हणाले. मालक दारातून ओरडले, "पक्की!"

मग अण्णांनी की-बोर्ड माझ्याकडं सरकवला. "आता माजी काढ."

मी टाइप केलं. वाचून दाखवलं. त्यांचं बोट बटणावर गेलं आणि थांबलं. "एक आसं कर," ते हळूच म्हणाले, "निस्ती बघायची ठिव. निकाल तेवढे."

मला हो म्हणायचं होतं. पण तोंडातून आलं ते भलतंच. "कशाला पायजे, अण्णा?"

त्यांनी बोट बटणावरून उचललं. "करमायचं न्हाई गं."

"मग फोन करा. रोज करा. फोनला इजाजत लागत नाही."

अण्णा इतके हसले की चष्मा निसटून चहाच्या बशीत पडला. हसता हसताच त्यांनी बटण दाबलं. मग आपल्या मशीनवर फोल्डर उघडायला गेले. ती ओळ आली. "लागलं बग कुलूप," म्हणाले, आणि ड्रॉवरमधला माउस मला देऊन टाकला. तो मी अजून ड्रॉवरमध्येच ठेवलाय.

पोह्यांचा कार्यक्रम बंद झाला, तो झालाच. अण्णांचा फोन मात्र रोज सांजच्याला येतो, आज कुणाला दिलीस, कवापस्तोर दिलीस. या माघात माझं लग्न आहे, मी म्हटलं त्याच्याशी, मी म्हटलं तेव्हा. बाबा आणि मी पत्रिका घेऊन उदगीरला गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी मुरमुऱ्यांचा सुशिला वाढला. अण्णांनी कपभर चहा समोर ठेवला आणि पत्रिका उघडायच्या आधीच चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"आवतन कुणाला? मला एकट्याला, का घराला?"

"चूलबंद, अण्णा."

बाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. अण्णांनी डबी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "कवापस्तोर?"

"कायमचं."

मला वाटलं आता निजाम निघतोय. पण अण्णांनी नुसती मान हलवली.

"मान तर बैल बी हलवतंय," मी म्हणाले. "एंटर?"

"एंटर," अण्णा म्हणाले, आणि डोळे पुसायला चष्मा काढला.